प्लॅटिपस : दुवा की चुलत भावंड?

महाराष्ट्राच्या इयत्ता दहावीच्या, २०१८ साली आलेल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण आहे. त्यात दोन प्राणिगटांना जोडणाऱ्या दुव्यांविषयी एक छोटा परिच्छेद येतो. प्लॅटिपस सरीसृपांप्रमाणे अंडी घालतो, पण त्याला दुग्धग्रंथी आणि केस आहेत. म्हणून तो दोन्ही गटांमधला दुवा, आणि म्हणून सस्तन प्राणी सरीसृपांपासून उत्क्रांत झाले, असा त्याचा रोख आहे.

यातील प्रत्येक निरीक्षण बरोबर आहे. सस्तन प्राण्यांचे पूर्वज अंडी घालत, हे प्लॅटिपस आणि एकिडना यांच्यावरून कळते, हेही खरे. अडचण आहे ती ‘दुवा’ या शब्दाची. दुवा म्हटले की साखळी आली : एका टोकाला सरडा, मध्ये प्लॅटिपस, दुसऱ्या टोकाला गाय किंवा माणूस. मग एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, “प्लॅटिपसपासून आता नवे सस्तन प्राणी का तयार होत नाहीत?” तर दोष त्याचा नाही. आपण दिलेल्या चित्रातून तो प्रश्न सरळच निघतो.

वस्तुस्थिती अशी की प्लॅटिपस आपला पूर्वज नाही. त्याची आणि आपली शाखा सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वी एकमेकींपासून वेगळी झाली. तेव्हापासून दोन्ही शाखांना उत्क्रांतीसाठी अगदी सारखाच काळ मिळाला आहे. नात्याच्या भाषेत तो आपला पणजोबा नव्हे, दूरचा चुलत भाऊ आहे.

या काळात तो थांबून राहिलेला नाही. त्याची चोच पक्ष्याच्या चोचीसारखी कठीण नसून मऊ त्वचेने मढलेली आहे. तिच्यात सुमारे ४०,००० विद्युतसंवेदी ग्राहक आहेत. पाण्यात डोळे, कान आणि नाकपुड्या मिटून तो भक्ष्याच्या स्नायूंतील क्षीण विद्युत स्पंदने टिपतो. ही क्षमता सरीसृपांत नाही आणि पक्ष्यांतही नाही. प्रौढ प्लॅटिपसला दात नसतात, पण ऑब्डुरोडॉन या त्याच्या जीवाश्मरूप नातेवाइकाला दाढा होत्या. म्हणजे दात नसणे हे जुनेपण नव्हे, नंतर झालेला बदल आहे.

जुने आणि नवे यांची सरमिसळ जनुकांतही दिसते. प्लॅटिपसचा जनुकसंच २००८ साली प्रसिद्ध झाला. अंड्यातील बलकासाठी लागणाऱ्या व्हायटेलोजेनिन या प्रथिनाची कोंबडीत तीन जनुके असतात. प्लॅटिपसमध्ये त्यांतले एकच कार्यक्षम उरले आहे. माणसात एकही नाही, फक्त मोडके अवशेष आहेत. उलट दुधातील केसीनची जनुके प्लॅटिपसमध्येही आहेत. म्हणजे दूध आधी आले, अंडी नंतर सुटली.

साखळीचे हे चित्र वर्गीकरणाच्या नावांतही शिरले आहे. टी. एच. हक्सले यांनी १८८० साली प्रोटोथेरिया, मेटाथेरिया आणि युथेरिया या नावांनी सस्तन प्राण्यांच्या चढत्या पायऱ्या मांडल्या. ‘प्रोटो’ म्हणजे आद्य. नाव टिकले आणि त्याबरोबर पायरीही मनात टिकली. आज अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या पाचच जाती हयात आहेत : प्लॅटिपसची एक आणि एकिडनाच्या चार. पण जाती कमी म्हणून शाखा खालची ठरत नाही.

संक्रमणाचा पुरावाच दाखवायचा असेल तर तो जीवाश्मांत आहे. वेल्समध्ये सापडलेल्या, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गॅन्युकोडॉनच्या जबड्याला दोन सांधे होते : एक सरीसृपांसारखा, एक सस्तन प्राण्यांसारखा. जुन्या सांध्याची हाडे पुढे आपल्या कानातील हातोडी आणि ऐरण झाली. हा प्राणीही आपला थेट पूर्वज असेलच असे नाही, परंतु तो निदान त्या काळातला साक्षीदार आहे.

परिच्छेद गाळण्याची गरज नाही. शिकवताना फळ्यावर साखळीऐवजी फांद्यांचे झाड काढावे. प्लॅटिपस एका फांदीच्या टोकाला, माणूस दुसऱ्या फांदीच्या टोकाला, दोन्ही टोके एकाच उंचीवर. मग विद्यार्थ्यांनाच विचारावे : या दोघांचा समाईक पूर्वज अंडी घालत होता का? त्याला केस होते का? उत्तरे ते स्वतः शोधतील, आणि ‘दुवा’ हा शब्द न वापरताही उत्क्रांतीचा पुरावा त्यांच्या हाती येईल.