क्रूस आणि ताईत

चांगली रहस्यकथा वाचकाला शेवटी उत्तर मिळेल असे वचन देते. भयकथा तसे वचन देत नाही. स्टीफन किंग यांची १९७५ सालची ‘सेलम्स लॉट’ (नारायण धारपांच्या ‘लुचाई’चा मूळ आधार) आरंभी रहस्यकथाच वाटते. आमच्या निमोण्यासारख्या, सारे एकमेकांना ओळखतात अशा गावातून एक मूल नाहीसे होते आणि ‘कोणी नेले?’ या ओढीने आपण पाने उलटतो. पुढे रक्तपिपासू पिशाच्च अवतरते, तर्क थिटा पडतो. येथे कादंबरी घसरली, असे रहस्यप्रेमी म्हणतील. उत्तरार्धात हल्ल्यांची पुनरावृत्ती होते, हे आम्हांसही मान्य आहे. तरीही तिचे मर्म याच वळणानंतर हाती येते.

फादर कॅलाहान क्रूस उगारतात तेव्हा पिशाच्च थबकते. क्रूस टाकून केवळ श्रद्धेनिशी सामोरे येण्याचे आव्हान मिळताच मात्र ते कचरतात आणि क्रूसाचे तेज मावळते. भयकथांत क्रूस बहुधा ताइतासारखा वापरला जातो. येथे तो धरणाऱ्याचीच परीक्षा घेतो.

आपल्या गळ्यातला क्रूस श्रद्धेचा की भीतीचा? हे उत्तर लेखक देत नाही. ते आपणच द्यायचे आहे.