‘द लास्ट एनिमी’ : शिकाऊ वैमानिकांची भाषा

रिचर्ड हिलरी याचे ‘द लास्ट एनिमी’ हे आत्मकथन १९४२ साली प्रसिद्ध झाले. ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी ब्रिटिश हवाई दलात शिक्षण घेऊन स्पिटफायर विमानाचा वैमानिक होतो. ३ सप्टेंबर १९४० रोजी जळत्या विमानातून समुद्रात पडतो. आणि भाजलेल्या हातांवर व चेहऱ्यावर शस्त्रक्रिया होत असता स्वतःच्या आत्मकेंद्रित वृत्तीचा फेरविचार करतो, असा त्याचा आशय आहे. या मतपरिवर्तनातच ग्रंथाचे सार आहे, असे वाचकाला वाटावे अशी लेखकाची इच्छा दिसते. ग्रंथाचे खरे बळ मात्र प्रशिक्षणाच्या व त्यानंतरच्या स्क्वाड्रनमधील प्रकरणांत आहे.

विमान कोसळण्याचा प्रसंग हिलरीने आरंभीच सांगितला आहे. त्यामुळे पुढे येणारी तरुणांची थट्टामस्करी, शिस्तीविषयीची बेफिकिरी आणि स्पिटफायरमधील पहिल्या उड्डाणाचा आनंद यांवर त्या ज्वाळांची छाया आपोआप पडते. लेखकाला भाष्य करावे लागत नाही.

हे तरुण उड्डाणाबरोबर एक भाषाही शिकतात. तिचे स्वरूप स्क्वाड्रनमध्ये पूर्णपणे प्रकट होते. सोबती मारला गेला की लेखक ‘मरणे’ हे क्रियापद टाळतो व ‘परतणे’ या क्रियापदाचे नकारार्थी रूप योजतो. तीच वाक्यरचना पुनःपुन्हा येते. बदलते ते केवळ नाव. मराठीतही अशुभाचा उच्चार टाळण्यासाठी बांगडी फुटली न म्हणता ‘वाढवली’ म्हणतात. घरातून निघणारा ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. परंतु मराठी प्रयोगात परतीचे आश्वासन आहे. हिलरीच्या वाक्यात त्या आश्वासनाचा भंग तेवढा नोंदलेला आहे. हे सौम्योक्तीचे साधे उदाहरण नव्हे. शोकाला वाक्यात जागाच न ठेवल्याने तो दोन वाक्यांमधल्या मौनात साठत जातो.

या कसोटीवर शेवटचा भाग उणा पडतो. बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या घरातून काढलेल्या, मरणोन्मुख स्त्रीचे शब्द ऐकून नायकाचे अंतःकरण पालटते, असे तेथे सांगितले आहे. येथे लेखक प्रथमच भावनेचे सविस्तर विवरण करतो, आणि नेमकी येथेच वाचकाची प्रतीती ओसरते. मौनाने जे आधीच सिद्ध केले होते, ते शब्द पुन्हा सिद्ध करू पाहतात.

हिलरी हट्टाने पुन्हा उड्डाणाकडे वळला. रात्रीच्या लढाऊ विमानांचे शिक्षण घेत असता ८ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, विमान कोसळून त्याचा अंत झाला. मृत्यूसमयी तो पुन्हा शिकाऊच होता. ज्या वाक्यात त्याने सोबत्यांची नावे घातली होती, त्यात आता त्याचे नाव बसते. आणि त्या वाक्यात एकही शब्द वाढवावा लागत नाही, हीच त्या भाषेच्या खरेपणाची साक्ष होय.