तीन वर्षांचे रविवार आणि गळलेली सत्तावीस वर्षे

मोठ्या संख्यांविषयी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत प्रा. फ्रँक नेल्सन कोल यांची गोष्ट फार लोकप्रिय आहे. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत कोल फळ्यापाशी गेले. एक शब्दही न बोलता त्यांनी २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला. दोन्हीकडे उत्तर एकच आले : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, असे कोल यांनी पुढे सांगितल्याची आठवण एरिक टेंपल बेल यांनी नोंदवली आहे. बेल यांच्या १९५१ च्या पुस्तकातून ही गोष्ट सर्वत्र पसरली.

गोष्ट सुरेख आहे. बेल प्रसंग रंगवून सांगत हे ध्यानात ठेवले, तरी कोल यांचा निबंध आणि ते अवयव खरेच आहेत. आमची तक्रार गोष्ट पुढे ज्या रीतीने सांगितली जाते, तिच्याविषयी आहे.

पहिली तक्रार अशी. मर्सेन यांनी १६४४ मध्ये ही संख्या मूळ असल्याचे म्हटले आणि कोल यांनी ते खोटे ठरवले, असे सांगून गोष्ट संपते. पण ही संख्या संयुक्त आहे हे फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्येच दाखवले होते, आणि तेही एकही अवयव हाती न लागता! मधली सत्तावीस वर्षे गाळली की गणितातला सर्वांत नवलाचा भागच गळतो.

अवयव ठाऊक नसताना संख्या संयुक्त कशी ठरते? लहान उदाहरण घेऊ. न ही मूळ संख्या असेल, तर २ च्या न व्या घातातून २ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला न ने निःशेष भाग जातो, हा फर्मा यांचा नियम. १५ घेतले तर ३२,७६६ ला १५ ने भागायचे. बाकी ६ उरते. म्हणजे १५ मूळ नाही. यात ३ आणि ५ कुठेही आले नाहीत. (नियम उलटा मात्र चालत नाही : ३४१ या कसोटीला उतरते, तरी ती ११ गुणिले ३१ आहे.) ल्यूका यांची कसोटी वेगळी व अधिक नेमकी होती, पण कल्पना याच जातीची.

दुसरी तक्रार. रविवारांच्या उल्लेखाने मुलांना केवळ चिकाटी दिसते, विचार दिसत नाही. लहान अवयवापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे, तर एक कोटीहून अधिक भागाकार करावे लागतील. पण या संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो. त्यामुळे १४,४५,५८० च उमेदवार उरतात, आणि त्यांतही ८ ने भागल्यावर १ किंवा ७ बाकी उरणारेच चालतात. कोल यांनी याहूनही बारीक चाळणी लावली होती.

अवयव शोधणे कठीण, पण गुणून पडताळणे सोपे, हा फरकच आजच्या आरएसए या गुप्तलेखन पद्धतीचा आधार आहे. ही पद्धत १९७७ मध्ये पुढे आली.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना : गोष्ट जरूर सांगा, पण ल्यूकांसह सांगा. संयुक्त असल्याचे कळणे आणि अवयव सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाचवी-सहावीच्या मुलालाही समजते. मग तो गुणाकार मुलांच्या गटांत वाटून द्या आणि शेवटी नऊचा ताळा पाहायला सांगा. दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज शेवटी १ येते, गुणाकाराचीही १. पण ताळा जुळला म्हणून गुणाकार बरोबरच असेल का, हा प्रश्न मुलांना विचारायला विसरू नका.