शब्दकोड्यातली चव

शब्दकोडे हा काही साहित्यप्रकार नव्हे, मग त्याची समीक्षा कशाला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत दुपारी ते सगळे मिळून सोडवतात, आणि घराण्यातल्या पहिल्या पदवीधराला ते मुकाट्याने तपासत असते. एकदा 'सणाचा खास पदार्थ, तीन अक्षरे' असे आले. माझ्या तोंडून 'वजडी' निघून गेले. अक्षरे तर बरोबर बसत होती! सहकारी हसले, मायेनेच हसले. उत्तर 'श्रीखंड' होते.

कोडे रचणारा दुष्ट असतो असे माझे म्हणणे नाही. त्याला 'सर्वांना माहीत असलेले' शब्द हवे असतात. पण हे 'सर्व' कोण, ते त्याच्याच स्वयंपाकघरात ठरते. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांचे जेवण नोंदले गेले. त्यातल्या चान्या, रक्ती अजून चौकटीबाहेरच आहेत.

'रुचकर, चार अक्षरे' म्हणजे 'चवदार'. त्याच अक्षरांसाठी 'महाडचे तळे' असे का विचारू नये? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तिथले पाणी प्याले, ते तहान लागली म्हणून नव्हे. तो हक्क उच्च न्यायालयाने मान्य करायला १९३७ उजाडले.

आर्थर विन यांनी १९१३ साली न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड'मध्ये रचलेल्या पहिल्या कोड्यात 'मौज' या अर्थाचा इंग्रजी शब्द आधीच भरून दिलेला होता. यंदा भित्तिपत्रकासाठी मी विद्यार्थ्यांकडून कोडे रचून घेतले. एका मुलीने विचारले, 'आईचा आनंद, दोन अक्षरे.' खोलीतल्या सर्वांनी 'सुख', 'हर्ष' घालून पाहिले. उत्तर होते 'नळ'.