‘देक्खइ’ : एका प्राकृत क्रियापदाचे मूळ आणि वंशविस्तार

आजच्या प्रमाण मराठीत ‘पाहणे’ व ‘बघणे’ ही क्रियापदे रूढ असल्यामुळे ‘देखणे’ हे हिंदीच्या संपर्कातून आले असावे, असा समज सहज होतो. भाषिक पुरावा मात्र या समजाच्या विरोधात जातो.

संस्कृतात ‘दृश्’ धातूचे वर्तमानकाळी रूप ‘पश्यति’ असे होते. त्यामुळे प्राकृत ‘देक्खइ’ त्यावरून साधता येत नाही. एका मतानुसार ‘द्रक्ष्यति’ या भविष्यकाळी रूपातून नवा वर्तमानकाळ घडला. पाली ‘दक्खति’ त्याला पोषक ठरते. दुसरे मत ‘ईदृक्ष’, ‘तादृक्ष’ या शब्दांतील ‘दृक्ष’ अंगाकडे निर्देश करते. टर्नर यांच्या १९६६ च्या तौलनिक कोशात ‘दृक्षति’ हे कल्पित रूप मूळ म्हणून दिले आहे. ‘दे’मधील एकार ‘पेक्खइ’ (संस्कृत ‘प्रेक्षते’) या समानार्थी रूपाच्या सादृश्याने आला, असे स्पष्टीकरण दिले जाते.

बाराव्या शतकातील हेमचंद्राने ‘पेच्छ’, ‘देक्ख’, ‘पास’ इत्यादी रूपे ‘दृश्’चे आदेश म्हणून एकत्र नोंदविली. ही व्यवस्था अर्थाधिष्ठित आहे, ऐतिहासिक नव्हे. ‘पेच्छ’चे मूळ ‘प्रेक्ष्’मध्ये, तर ‘पास’चे ‘पश्य’मध्ये आहे. आदेशालाच व्युत्पत्ती मानल्यास हे भिन्न इतिहास पुसले जातात. शिवाय अशोकाच्या तिसऱ्या स्तंभलेखात, म्हणजे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातच, ‘देखति’ हे रूप आढळते. व्याकरणातील नोंद शब्दाच्या जन्माची साक्ष ठरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

या क्रियापदाचा वंश विस्तृत आहे. हिंदी ‘देखना’, गुजराती ‘देखवुं’, बंगाली ‘देखा’, नेपाळी ‘देख्नु’ हे त्याचे वारस होत. युरोपातील रोमानी भाषेतही ‘दिख्’ हा धातू टिकून आहे. मराठीत ‘ज्ञानेश्वरी’च्या भाषेत ‘देखणे’ विपुल प्रमाणात आढळते. जुन्या मराठीत ‘देखणा’ म्हणजे ‘पाहणारा’ असाही अर्थ होता. आज तो ‘पाहण्याजोगा, सुंदर’ असा आहे. कर्त्याकडून विषयाकडे झालेले हे अर्थांतर लक्षणीय आहे.

क्रियापद म्हणून ‘देखणे’ मागे पडले. परंतु ‘देखावा’, ‘देखरेख’, ‘देखादेखी’, ‘डोळ्यांदेखत’ यांतून ते वावरतच आहे. म्हणून त्याला परके ठरविण्यापूर्वी शिलालेख, प्राकृत व्याकरणे आणि जुने मराठी ग्रंथ यांची साक्ष एकत्र तपासणे आवश्यक ठरते. केवळ आजच्या प्रचारावरून शब्दाचे कूळ ठरविणे शास्त्रीय दृष्टीने ग्राह्य नाही.