एका टिंबाचा घोळ

मॅट्रिक्सच्या ओळींचे स्तंभ केले की तिचा ट्रान्सपोज मिळतो, हे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण तो संगणकाला कोणत्या खुणेने सांगायचा? प्रचलित संगणकभाषांच्या या खुणा आम्हाला पूर्णपणे समाधानकारक वाटत नाहीत.

क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या ‘मॅटलॅब’चेच उदाहरण घेऊ. आजच्या मॅटलॅबमध्ये अ' असे लिहिले की अ या मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज मिळतो. संख्या वास्तव असतील तोवर सारे ठीक. त्या संमिश्र असल्या तर मात्र हीच खूण प्रत्येक संख्येची संयुग्मी संख्याही घेते. ३ + ४आय चे ३ − ४आय होते (आय म्हणजे −१ चे वर्गमूळ). नुसता ट्रान्सपोज हवा असेल तर टिंब देऊन अ.' असे लिहावे लागते.

यामागे सबळ कारण आहे. (१, आय) हा सदिश पाहा. संयुग्मी न घेता त्याचा त्याच्याशीच गुणाकार केला तर १ + (−१) = ०, म्हणजे सदिश शून्य नसून लांबी शून्य! संयुग्मी घेतल्यास २ हा लांबीचा योग्य वर्ग मिळतो. तेव्हा गणित बरोबर आहे. आमचा आक्षेप खुणेवर आहे. गुणाकाराच्या चिन्हाआधी टिंब दिले की त्याच भाषेत ‘घटकाला घटकाने गुणा’ असा अर्थ होतो, इथे मात्र ‘संयुग्मी घेऊ नका’ असा! टिंब राहून गेले तरी उत्तराचा आकार बरोबरच येतो, त्यामुळे संगणक तक्रार करीत नाही. चूक उत्तरात लपून राहते.

‘ज्युलिया’ भाषेने २०१८ च्या १.० आवृत्तीत ही टिंबाची खूण काढून ट्रान्सपोज हा पूर्ण शब्दच ठेवला. हे आम्हाला अधिक पसंत आहे. पायथनच्या ‘नमपाय’मध्ये .टी ही खूण संयुग्मी घेत नाही, पण तिथे दुसरीच अडचण आहे. पाच संख्यांची एकमितीय यादी दिली तर तिला ओळ-स्तंभ असा भेदच नसतो; .टी लावूनही ती जशीच्या तशी राहते, आणि सूचनाही मिळत नाही.

म्हणून शिक्षकांना आमचे सुचवणे असे: ट्रान्सपोज शिकवताना केवळ वास्तव संख्यांची चौरस मॅट्रिक्स देऊ नका. एका ओळीची [१ आय] ही मॅट्रिक्स द्या. आकार बदलला का आणि चिन्ह बदलले का, हे दोन्ही प्रश्न विद्यार्थ्यांनी आधी कागदावर सोडवावेत, मगच संगणकाला विचारावेत.