डाग घालवायचा आहे, की रंग?

अमेरिकेत कुठल्याही फार्मसीत शिरा, 'डार्क स्पॉट करेक्टर' नावाच्या बाटल्या रांगेने उभ्या असतात. त्यातली एक उचला आणि तिच्यावरचा मजकूर सावकाश वाचा. 'डाग घालवते' असं तिथे बहुधा लिहिलेलं नसतं. 'डागांचं दिसणं कमी करते' असं असतं. हा कंपनीचा विनय नाही. इथल्या १९३८च्या कायद्याप्रमाणे, दिसण्यात बदल करतं ते सौंदर्यप्रसाधन. शरीराच्या रचनेवर किंवा कामावर परिणाम करतो असा दावा केलात की ते औषध, आणि मग पुरावे द्यावे लागतात. म्हणजे ते वाक्य वकिलाच्या नजरेखालून गेलेलं आहे. गंमत अशी, की बाटलीवरचं सगळ्यात प्रामाणिक वाक्यही तेच.

खरी भानगड पुढच्या दोन शब्दांत आहे: 'इव्हन टोन'. इव्हन म्हणजे सारखा. पण कशासारखा? ते बाटली सांगत नाही.

मुरूम येतो, जातो आणि जाताना ठसा सोडतो. तिथे दाह झाला की रंगपेशी जास्त मेलॅनिन बनवतात. ते वरच्या थरात राहिलं तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिकट होतो. खालच्या थरात उतरलं तर निळसर-राखाडी दिसतो, आणि मग वर्षंही लागू शकतात. आपल्यासारख्या त्वचेत हे जास्त होतं आणि जास्त टिकतं. वांग त्याहून चिवट. त्यामागे ऊन, हार्मोन्स, गरोदरपण, आनुवंशिकता असं बरंच काही असतं. यावर उपाय हवासा वाटणं अजिबात उथळ नाही. 'तू आहेस तशीच छान आहेस' असं म्हणून कुणाचं तोंड बंद करू नये.

पण डागाच्या उपचाराला शेवट असतो. डाग आजूबाजूच्या त्वचेइतका झाला, काम संपलं. उजळपणाला असा शेवट नाही, कारण त्यापुढे आणखी उजळ काहीतरी असतंच. म्हणून कुठलंही क्रीम मला एकाच प्रश्नावर तपासावंसं वाटतं: थांबायचं कधी? 'इव्हन टोन' हा शब्द नेमका तोच प्रश्न बुजवतो. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो बघताना डागाकडे बघूच नका. कपाळाकडे बघा, गळ्याकडे बघा. सगळा चेहराच दोन छटा वर गेला असेल, तर एक तर दिवा बदललाय, नाहीतर विकायचं काहीतरी वेगळंच आहे.

२०२० साली फेअर अँड लव्हलीचं ग्लो अँड लव्हली झालं, ते तुम्हाला आठवत असेल. नाव बदलून काहीच फरक पडला नाही असं मी म्हणणार नाही. पण 'गोरी हो' म्हणणाऱ्याला उलट उत्तर तरी देता येत होतं. 'तुझी त्वचा सारखी नाही' याला काय उत्तर देणार? सारखी कुणाचीच नसते. डोळ्यांखाली, ओठांभोवती, कपाळाच्या कडेला थोडा फरक असतोच. (आणि आपण तर बाळाला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम गालावर काजळाची तीट लावणारी माणसं!)

हा गोंधळ एकट्या बाजाराने घातलेला नाही, विज्ञानाचाही त्यात हात आहे. १९७५ हे एकच साल घ्या. त्या वर्षी फेअर अँड लव्हली भारतीय बाजारात आली. त्याच वर्षी क्लिगमन आणि विलिस या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण प्रसिद्ध केलं. त्याचीच भावंडं आजही वांगावर लिहून दिली जातात, आणि थोड्या काळासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ती कामही करतात. पण त्या शोधनिबंधाचं शीर्षक बघा: 'मानवी त्वचेचा रंग काढण्याचं नवं सूत्र'. डागाचा नाही, त्वचेचा. (हाच तो क्लिगमन, ज्याने फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले.) आणि दक्षिण आफ्रिकेतून त्याच वर्षी नोंद आली, की हायड्रोक्विनोनच्या क्रीम्सनी काहींची त्वचा उलट निळसर-काळी पडली होती.

आता तुमच्या सुटकेसकडे येऊ. भारतातून परतताना त्यात एखादी ट्यूब असतेच. मावशीला 'खूप छान फरक पडला' म्हणून आईने घातलेली. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. २०१८मध्ये भारत सरकारने अशी अनेक स्टेरॉइड्स प्रिस्क्रिप्शनच्या यादीत घातली, तरी काउंटरवर ती अजून सहज मिळतात. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळतो, म्हणून तर मावशी खूश असते. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या आणि लव येते, आणि क्रीम बंद केलं की चेहरा लाल होऊन जळजळतो. घाबरून माणूस परत तेच लावतो. बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मी डॉक्टर आहे, पण पीएचडीवाली.

घरगुती उपायही तितके निरुपद्रवी नसतात. लिंबू चोळून उन्हात गेलात तर भाजल्यासारखं होऊन आणखी काळा डाग पडू शकतो. दगडाने, काथ्याने रोज घासलेली त्वचा त्या घर्षणानेच काळवंडते. आणि 'मान किती काळी झालीय, नीट घास जरा' हे ज्यांनी लहानपणी ऐकलंय त्यांच्यासाठी: मानेवरचा मखमलीसारखा जाड काळेपणा हा मळ नसतो. तो पुष्कळदा इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसल्याची खूण असतो. तिथे सीरम नको, रक्ततपासणी हवी. 'करेक्टर'वाल्या शेल्फला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या लेखी प्रत्येक डाग ही खोडून टाकायची चूक असते.

मग उपयोगी काय? सगळ्यात आधी सनस्क्रीन, आणि तिथेही मापाची गडबड आहे. त्वचेचे प्रकार ठरवणारं फिट्झपॅट्रिकचं माप तेही १९७५चंच. उन्हात तुम्ही लाल होता की रापता, यावर ते बेतलेलं. सुरुवातीला ते फक्त गोऱ्या त्वचेपुरतं होतं, तपकिरी आणि काळी त्वचा त्यात नंतर आली. एसपीएफचा आकडा काढतात तो त्वचा लाल कधी होते यावरून, आणि अमेरिकेत त्या चाचणीला याच मापातल्या पहिल्या तीन, म्हणजे फिकट प्रकारांची माणसं घेतात. तुमची तक्रार लाल होण्याची नाहीच, डाग गडद होण्याची आहे. गडद त्वचेत नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही रंगद्रव्य वाढतं. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ते स्पष्ट दिसलं, आणि फिकट त्वचेवर तसं काही झालं नाही. बाटलीवरच्या ५० या आकड्यात या प्रकाशाचा हिशोबच नसतो.

तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं, म्हणजे रंगाची छटा असलेलं, टिंटेड सनस्क्रीन. घ्यायला गेलात की बऱ्याचदा एकच छटा पुढे येते, 'युनिव्हर्सल' नावाची. मनगटावर लावून बघू नका. जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाच्या दाराशी, उजेडात जाऊन बघा. राखाडी दिसली तर परत ठेवा.